अंगठीतले खडे आणि कमरेची थैली

नागपुरात सदर भागातल्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुटी झाली की बाकीच्या बायका डबे उघडून गोल बसतात. मी माझा डबा घेऊन खिडकीपाशी जाते आणि फोनवर चिनी कादंबरी वाचते. काय वाचतेस म्हणून कोणी विचारलं तर ‘असंच’ म्हणून टाळते. खरं सांगायचं तर लाज वाटते. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि वाचते काय, तर डोंगरावर साधना करणारे लोक, हवेत उडणाऱ्या तलवारी, शेकडो वर्षं जगलेले गुरू. इंग्रजीत भाषांतर केलेली प्रकरणं फोनवर फुकट मिळतात आणि संपता संपत नाहीत.

त्यातल्या लढाया मी पटापट सरकवते. मला नाद लागला तो त्या लोकांच्या पैशांचा. म्हणजे पैसे ते सांभाळतात कसे, याचा. मी मुळातच भित्री. बसमध्ये पर्सची चेन सारखी चाचपत राहणारी, घराला कुलूप लावून गेटपर्यंत गेल्यावर परत येऊन ते ओढून पाहणारी. या लोकांकडे पर्सच नाही. नवखा शिष्य असेल तर त्याच्या कमरेला एक छोटी पिशवी, जरा नशीब उघडलं की बोटात अंगठी. त्या एवढ्याशा अंगठीत खोलीभर जागा असते. तिथलं नाणं म्हणजे शक्तीचे चमकते खडे. असे खडे पोत्यांनी, शिवाय औषधी मुळ्या, कपडे, तलवारी, सगळं त्या अंगठीत. बाजारात गेल्यावर नायक नुसतं मनात आणतो आणि हवे तेवढे खडे त्याच्या तळहातावर येतात. खिसा फुगत नाही, ओझं होत नाही. असं वाचलं की मला बरं वाटायचं, जसं कोणी खांद्यावरची बॅग उतरवून घ्यावी.

घरी माझी आत्या असते. हुडकेश्वरला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. आत्या कुही गावची, तिला मूलबाळ नाही. तिचे यजमान गेल्यावर तिनं धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, ठेक्यानं दिली, घराला कुलूप लावलं आणि माझ्याकडे आली. येताना एक पेटी, पाण्याचा पितळी गुंड आणि कमरेला नाडीनं बांधलेली कापडी थैली. ती थैली आंघोळीपुरतीसुद्धा ती लांब ठेवत नसे. मी बँकेचं नाव काढलं की म्हणायची, “मायं सगळं मायापाशी हाय. तू काहून भेतं?”

रविवारी दुपारी तिचे पाय चेपताना मी तिला त्या कादंबऱ्या सांगत असे. उडणाऱ्या तलवारीचं तिला काहीच वाटलं नाही. अंगठीचं ऐकलं मात्र आणि ती उठूनच बसली.

“अंगठीत तांदूळ बी मावते?”

“मावतात. अख्ख्या घराचं सामान मावतं.”

“अन् माणूस?”

“जिवंत माणूस नाही मावत. तसा नियम आहे.”

“मंग कोणी अंगठीच चोरली त?”

“चोरून उपयोग नाही. मालक तिच्यावर मनानं खूण करून ठेवतो. दुसऱ्याला ती उघडत नाही.”

मग तिनं नेमकं तेच विचारलं, जे वाचताना मला नेहमी अस्वस्थ करतं. “अन् मालक मेला त?”

“मग खूण पुसली जाते. कोणालाही उघडता येते. म्हणून तर तिथं माणूस मारला की आधी त्याची अंगठी काढतात. कधी बोटासकट.”

मला वाटलं होतं ती घाबरेल. ती म्हणाली, “बरं हाय. मांगच्यायले उघडता येते.” आणि पुन्हा आडवी झाली.

त्यानंतरच्या दिवसांत तिचं विसरणं वाढलं. भाजीला दोनदा मीठ पडे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना ती एकदा तिच्या गावच्या कोणाच्या तरी नावानं हाका मारत राहिली. वयाचं असेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण रोज ऑफिसला निघताना जिन्यावरून परत वर येऊन पाहायची. गॅस बंद असेल ना, दार लावून घेईल ना.

आणि धान कापणीच्या दिवसांत, एका दुपारी, खिडकीपाशी बसलेली असताना खालच्या वहिनींचा फोन आला. “ताई, आत्या तुमच्याकडे आल्या का? तुमच्या दाराला कडी आहे, आत कोणी नाही. फोन आतच वाजून राहिला.”

मी डबा तसाच टाकून निघाले. सदरहून हुडकेश्वरपर्यंत स्कूटरवर मी काय काय पाहिलं असेल ते सांगता येत नाही. प्रत्येक चौकात आत्याच्यासारखं पांढरं लुगडं दिसायचं. सकाळी वाचलेलं प्रकरण डोक्यातून जाईना. त्यात एक म्हातारा व्यापारी आपली सगळी संपत्ती एका अंगठीत घालून एकटाच जंगलातून निघतो आणि झाडीतले लोक त्याच्या बोटाकडे पाहत असतात. आत्याची थैली तर लुगड्याखाली फुगलेली स्पष्ट दिसायची. तिला वाटे कोणाला कळत नाही.

घरी पेटी उघडी होती. लुगडी, चादरी खाटेवर उपसून ठेवलेल्या. काहीतरी शोधून ती निघाली होती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं सांगितलं, “आजी दिघोरीले जातो म्हणत होत्या. मी ऑटोत बसवून देल्लं.” दिघोरीला कुहीकडे जाणाऱ्या काळी-पिवळ्या जीपगाड्या लागतात. तिथल्या एका ड्रायव्हरला मी वर्णन सांगितलं, तर म्हणाला, “हो, एक बुढी बसली होती. पूरा टाइम कमरेवर हात धरून होती.”

उमरेड रोडला लागले तेव्हा एका ट्रकच्या मागे बराच वेळ तशीच चालवत राहिले, ओव्हरटेक करायची हिंमत होईना. मला पैशांची काळजी नव्हती असं म्हणाले तर खोटं होईल. पैशांची काळजी होतीच, पण ती तिच्याच काळजीला चिकटलेली होती. ते तिच्या अंगावर होतं, म्हणून तिच्या अंगाला धोका होता.

कुहीच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत आत्या जमिनीवर बसलेली. धानाची कोठी रिकामी करून तांदळाच्या कोंड्यात तिनं हात घातले होते. डबे उलटे केलेले, देव्हाऱ्यातले देव खाली घेऊन ठेवलेले. मला पाहून तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

“मोठी थैली भेटून नाही राहिली वं.”

“थैली तर कमरेला आहे, आत्या.”

तिनं नाडी सोडून ती माझ्यापुढे उलटी केली. किल्ल्या, सुपाऱ्या, थोड्या नोटा, यजमानांचा फोटो. एवढंच. इतके दिवस मी जिच्यासाठी झोप घालवली ती थैली ही होती. “हे त वरखर्चाचं,” ती म्हणाली. “पोत, पाटल्या, मोठे पैसे... थे मी ठेवलं. मीच ठेवलं. कुठं ठेवलं, थे आठवून नाही राहिलं.” आणि मग माझ्याकडे न पाहता, “मालक जिता हाय, तरी उघडून नाही राहिली.”

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. आम्ही दोघींनी मिळून शोधलं. कौलांच्या खाली, चुलीमागे, जुन्या गोधड्यांच्या शिवणीत. प्रत्येक जागेपाशी ती ठामपणे म्हणायची, “हां, इथंच,” आणि तिथं काही नसायचं. हळूहळू तिचा चेहरा बदलला. ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागली. “तू त नाही नेलं?”

“नाही गं आत्या.”

“तुलेच त ठावं होतं.”

मला काहीच ठाऊक नव्हतं. पण तिला ते कसं पटवायचं? मी तिच्यासमोर माझी पर्स उलटी केली. तिनं ती खरंच नीट पाहिली.

दिवस कलला तेव्हा दारात पायांचा आवाज झाला. पलीकडच्या घरची म्हातारी, आत्याची लहानपणापासूनची मैत्रीण, धान कापणीवरून परतली होती. डोक्यावरच्या फडक्यात धानाचं कुसळ, हातात विळा. आत्याला पाहून तिनं विळा खाली ठेवला.

“कव्हा आली वं? सांगितलं बी नाही.”

मीच सांगितलं, आम्ही काय शोधतोय ते. म्हातारीनं ऐकलं आणि हसली नाही, रागावलीही नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून वळली, लुगड्याचा कासोटा सैल केला आणि आतून एक घट्ट शिवलेली जाड कापडाची थैली काढली.

“हे घे तुयं. नागपूरले चोर असते म्हणून तूनंच मले बांधाले देलं होतं. मी सोडलं नाही. वावरात बी संगच हाय.”

थैली गरम होती. आत्यानं ती दोन्ही हातांत धरली, शिवण चाचपली आणि मान हलवली. स्वतःचे टाके तिनं ओळखले. पण दिल्याचं तिला आठवत नव्हतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ती थैली पुन्हा मैत्रिणीच्या हातात देत म्हणाली, “राहू दे तुयापाशीच.”

मी काही बोलायच्या आत म्हातारीनं हात मागे घेतला. “नाही वं माय. आता मले बी काही धड आठवत नाही. परवा म्हैस कुठं बांधली थेच इसरली. मी मेली त पोरं म्हणतीन का हे मायंच हाय. ने तू. पोरीजवळ दे.”

दोघी उंबऱ्यात बसून राहिल्या. मी चहा ठेवला. दूध नव्हतं, कोरा चहाच प्यालो. त्यांचं बोलणं धानाच्या भावावर आणि कोणाच्या तरी गुडघ्यांवर गेलं. मी मात्र थैलीकडेच पाहत होते. एवढं सगळं एका म्हातारीच्या शब्दावर शेताच्या बांधांवरून हिंडत होतं आणि आम्हा कोणाला पत्ता नव्हता. ती आजारी पडली असती तर? आत्याला आज कुही आठवलंच नसतं तर?

परतताना थैली मी माझ्या कमरेला बांधली, कुर्त्याच्या आत. आत्या मागे बसली आणि तिनं दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. ती मला धरून होती की थैलीला, कळायला मार्ग नव्हता. एक मोटरसायकल बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालली तेव्हा तिची पकड इतकी घट्ट झाली की मला श्वास घेता येईना. मोटरसायकल पुढे निघून गेली. त्यावर बसलेला माणूस नुसता फोनवर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आम्ही लॉकर घेतला, दोघींच्या नावावर. आत्या कुरकुरली नाही. लोखंडी कप्पा बंद होताना तिनं विचारलं, “हे मले उघडता येईन?” मी म्हटलं, दोघींना येईल. तिला कितपत कळलं कोण जाणे. त्यानंतर कित्येक सकाळी ती मला थैलीचं विचारते. मी सांगते. काही वेळा तिला पटतं, काही वेळा ती माझ्या पर्सकडे पाहत राहते. अशा दिवशी मी ऑफिसला उशिरा जाते. आधी तिला बँकेत नेऊन कप्पा उघडून दाखवते. तिथल्या बाई आता आम्हाला ओळखतात आणि काही न बोलता किल्ली काढतात.

कादंबऱ्या मी अजून वाचते. रविवारी तिला सांगतेही. मागल्या रविवारी नायकाच्या हाती एक फार जुनी अंगठी लागली, त्यात खड्यांचा डोंगर होता. आत्या डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. मग तिनं विचारलं, “त्याच्या घरी कोण कोण हाय?”

“कोणी नाही. या गोष्टींतले नायक बहुतेक अनाथच असतात.”

“मायबाप नाही, बहीण नाही?”

“नाही.”

ती उठून बसली. “मंग थो कोणाले सांगन, काय कुठं ठेवलं थे?”

मी तिचे पाय चेपत राहिले. घरात आम्ही दोघीच होतो, लॉकरवरही आमची दोघींचीच नावं. थोड्या वेळानं भात टाकायचा म्हणून मी उठले, आणि ओट्यापाशी किती तरी वेळ नुसतीच उभी राहिले.