मी आणि ती, रूप एकच
फरशांच्या कारखान्याचे मालक स्पॅनिश बोलणारे, आणि त्यांची पत्रं वाचू शकणारी कचेरीत ती एकटीच. सगळे तिला मास्तरीण म्हणत, कारण दुसऱ्याच्या अर्जातला ऱ्हस्व-दीर्घही तिच्या नजरेतून सुटत नसे. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं आणि चाळिशीत पुस्तकं आणून ही भाषा एकटीने पचवली.

शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका तिला ताई म्हणायची. "मलाही शिकवा ना," म्हणून हात धुऊन मागे लागली, तेव्हा मास्तरणीने जेवणाच्या सुट्टीत तिला बसवून घेतलं.

"आपण 'यायचे, बसायचे' म्हणतो ना, तो भूतकाळ आधी शिक. क्रियापद 'आर'वर संपलं तर शेवटी 'आबा'. आब्लार, आब्लाबा, म्हणजे मी बोलायचे. 'एर' नाहीतर 'ईर' असेल तर 'ईया'. कोमेर, कोमीया, खायचे. बिबीर, बिबीया, राहायचे."

"आणि ती बोलायची?"

"तेही आब्लाबाच. मी आणि ती, रूप एकच. संदर्भावरून ओळखायचं."

"बरंय की, अर्धी घोकंपट्टी वाचली!"

सहा महिन्यांत पोरगी चार ओळी लिहू लागली. त्याच सुमारास पत्रव्यवहार-प्रमुखाची जागा निघाली. ती मास्तरणीचीच, असं सगळे धरून चालले होते.

एके दिवशी कचेरीच्या साहेबांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. "बाई, मालकांकडून परत आलंय. आपल्या टंकलेखिकेने लिहिलंय. काय म्हणतंय, सांगा बरं."

येगाबा तार्दे, उशिरा यायचे. पेर्दीया कार्तास, पत्रं हरवायचे. खाली सही टंकलेखिकेची, पहिल्या चार ओळींत कर्ता कुठेच नाही. वेडी पोर, मालकांपुढे स्वतःच्या चुका कबूल करत बसली! पाचव्या ओळीत 'पत्रांच्या टेबलावरची बाई' भेटली, म्हणजे ती स्वतःच.

साहेबांना स्पॅनिशचा गंध नव्हता. सगळं 'मी' म्हणून वाचून दाखवलं असतं तरी खपलं असतं. तो मोह झाला, क्षणभर. मग तिने ओळ न् ओळ खरी सांगितली. "बाई उशिरा यायची. बाई पत्रं हरवायची."

साहेबांनी हजेरीपट मागवला. वर्षभरात उशीर एकदाच, तिची आई जिन्यात पडली त्या दिवशी.

दुपारी तिने टंकलेखिकेला गाठलं. "अगं, एकदाच आले ना उशिरा? पत्रही एकच, तेही संध्याकाळी सापडलं. मग 'यायची'? 'हरवायची'?"

टंकलेखिका म्हणाली, "तुम्ही मला दुसरा काळ शिकवलाच कुठे, ताई?"

"जागा हवी होती तर मला सांगायचंस. मीच तुझ्यासाठी शब्द टाकला असता."

पोरीने टंकयंत्रात नवा कागद चढवला.

जागा दोघींनाही मिळाली नाही. साहेबांनी "घरातली भांडणं नकोत" म्हणत बाहेरचा माणूस आणला. मास्तरणीच्या निवृत्तीपर्यंत चार वर्षं त्या दोघी शेजारीच बसल्या, कामापुरतं बोलत. नव्या मुलांपैकी कुणी स्पॅनिश शिकवा म्हटलं, की मास्तरीण वर न बघता म्हणे, "पुस्तकं बाजारात मिळतात."