चौथ्या क्रमांकाचा शोधनिबंध

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा कॉलेजने माझ्याकडून संशोधनाची यादी मागवली. मूल्यांकन समिती येणार होती. मी यादी दिली, पण चौथा शोधनिबंध वगळून. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी तो परत घातला. मी खोडला, त्यांनी पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी यादी घेऊन त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, लोकांनी सगळ्यात जास्त दाखला याच पेपरचा दिलाय. सात रस्ता चौकात लावायच्या फ्लेक्सवरसुद्धा तोच आहे."

"तो खोटा आहे," मी म्हणाले.

त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. इतक्या वर्षांनी कशाला?" हा माणूस माझाच विद्यार्थी. पहिल्या वर्षाला चुकीचे, समांतर जोडून दोन ॲमीटर जाळले होते त्याने, आणि आता मला शहाणपण शिकवत होता.

तो निबंध माझ्या पीएच.डी.च्या काळातला. काही सेंद्रिय पदार्थांचे स्फटिक अतोनात थंड केले की अतिवाहक होतात, म्हणजे त्यांच्यातून वीज जराही अडथळा न होता वाहते. आम्ही बनवलेल्या काळ्या, सुईसारख्या स्फटिकात तसं होतं का, ते बघायचं होतं. द्रव हेलियम सोलापुरात कुठलं मिळायला! दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेचं यंत्र आम्हाला तीन दिवस मिळालं. स्फटिकाला चांदीच्या लेपाने चार तारा चिकटवायच्या. बाहेरच्या दोन वीज न्यायला, आतल्या दोन रोध मोजायला. दुसऱ्या दिवशी तापमान उतरता उतरता रोध एकदम शून्यावर आला. माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी स्फटिक बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आतल्या दोन तारा वाकून एकमेकींना टेकलेल्या. तारा टेकल्या की मीटर शून्यच दाखवणार, मग खाली स्फटिक असो की बटाटा. तिसऱ्या दिवशी नव्या तारा लावून मोजलं. शून्य आलं नाही. मी सगळं वहीत लिहिलं आणि सरांना दाखवलं.

"अगं, एकदा आलं होतं ना शून्य?" सर म्हणाले. "मग आलं. तारांचं वहीतच राहू दे."

मी निबंधावर सही केली. मला पदवी हवी होती. पुढे जन्मभर मी सरांवर राग धरला, कारण स्वतःवर धरण्यापेक्षा ते सोपं होतं. सर आता हयात नाहीत, त्यामुळे ती सोयही गेली.

केबिनमधून तणतणत निघाले ती थेट प्रयोगशाळेत. तिथे वैराग गावची एक शिक्षिका तारा चिकटवत बसली होती. ती विभागप्रमुखांकडे पीएच.डी. करत होती. आठवडाभर शाळा करून शनिवारी एसटीने यायची. तिचा विषय मला ऐकून माहीत होता. म्हणूनच मी तिच्या टेबलाकडे कधी फिरकत नसे.

"मॅडम, बरं झालं आलात," ती म्हणाली. "नोंदणी संपत आली की ओ. चार वर्सं झाली, लई डाव त्या संस्थेत जाऊन मोजलं, पण तुमचं शून्य काय येत न्हाय. प्रमुख सर म्हणत्यात, तुज्याच हातात खोट हाय. मलाबी तसंच वाटाय लागलंय. सोडून द्यावं म्हणते."

मी रिक्षा केली, घरी जाऊन कपाटातली ती जुनी वही आणली आणि तिच्यापुढे उघडली. टेकलेल्या तारांचं पेन्सिलीने काढलेलं चित्रही त्यात होतं. तिने ते पान दोनदा वाचलं. मला वाटलं, आता रडेल. पण ती रडली नाही.

"तुमास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "मी चार वर्सं हितं येतीय. तुमी त्या दारातनं जाताय-येताय."

"हो."

"मला नीट दिसत नसंल म्हणून मी डोळं तपासून आले, मॅडम. हा चष्मा त्यापायीच केलाय."

मी माफी मागायला लागले. तिने हातानेच थांबवलं आणि स्वतःची वही माझ्यापुढे सरकवली. "हितं लिवा. ते शून्य कसं आलं हुतं ते. तारीख घाला, सही करा. मग निबंध मागं घ्यायचं पत्र लिवा."

मी लिहिलं. ती प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत वाचत होती. एका ओळीवर बोट थांबलं. 'आतल्या तारा टेकल्या होत्या, हे नंतर लक्षात आले,' असं मी लिहिलं होतं.

"नंतर न्हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

मी 'नंतर' खोडलं, वर 'त्याच दिवशी' लिहिलं आणि खोडलेल्या जागी सही केली.