आई दोरी ओढत नाही

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बापू म्हणतात. लहानपणी तो पेन्शनरासारखा कोपऱ्यात गंभीर बसून राहायचा, म्हणून हे नाव पडलं आणि चाळिशी आली तरी चिकटून राहिलं. तो दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे येतात, त्यावर हा गुलाबी मेण चढवतो आणि एकेक दात बसवतो. गावभरचे म्हातारे बापूच्या दातांनी हसतात. बापू स्वतः हसायला लागला की आम्हाला धडकी भरते.

कारण त्याचं बिनसतं ते बहुतेक हसण्यातूनच. आता टाळ्या देऊन हसत होता, आणि पुढच्या क्षणी चेहरा कोरा, मुठी आवळलेल्या, हातात असेल ते भिंतीवर. काय झालं, कोण काय बोललं, विचारू नका. त्यालाही ठाऊक नसतं. पस्तिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं. "आत काय चाललंय ते यांना फार उशिरा कळतं," त्या म्हणाल्या, "आनंदसुद्धा जास्त झाला तर पेलवत नाही." बापूने घरी येऊन आईला सांगितलं, "मी वाईट नाहीये, मला उशिरा कळतं." आई म्हणाली, "मला आधीपासून माहीत होतं." आमच्या आईचं हे असं.

मग उपाय सुरू झाले. जड रजई, कानात बोळे, श्वास मोजणं, गोळ्या. सुचवणाऱ्यांचं काय जातं? गोळ्यांनी तो इतका मंदावला की एका आजोबांच्या कवळीत त्याने वरचे दात खाली बसवले. त्याचे मालक देवमाणूस. "बापू, डॉक्टरांना विचारून बघ, आजोबा उलटे चावायला लागलेत," एवढंच म्हणाले. कामावर बिनसतंय असं वेळेवर कळलं, तर तो प्लास्टरच्या गोण्यांच्या खोलीत जाऊन दार लावून बसतो. त्याला कुणी हाक मारत नाही.

हे असं कसंबसं चाललं होतं, तेवढ्यात आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. माझ्याकडे चल म्हटलं तर दोघंही नाही म्हणाली. दिवसा एक बाई यायच्या, त्या गेल्या की बापू. त्याने आईचं जेवढं केलं तेवढं माझ्याने झालं नसतं. तिची कूस बदलायची, तोंड पुसायचं, सूप गाळून चमच्याने भरवायचं. भरवताना तो तिला दिवसभरात आलेल्या जबड्यांच्या गमती सांगायचा. आई अर्ध्या तोंडाने हसायची, तो पूर्ण तोंडाने.

एका संध्याकाळी हसता हसता त्याने तिला दाखवायला घरी आणलेला साचा फेकला. आईच्या उशीच्या वर, जेमतेम वीतभर अंतरावर तो भिंतीवर फुटला. आईच्या केसांत पांढरा चुरा पडला.

मला त्याने स्वतःच फोन केला. मी धावत गेले, तर हा आईच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवत होता. "माझं बिनसलं की मी बाहेर जाईन. आईने आतून कडी लावायची."

"अरे शहाण्या, आई उठणार कशी?"

त्याच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं.

पुढच्या आठवड्यात कडी दाराच्या खालच्या बाजूला आली होती. तिला बांधलेली तांबडी दोरी एका हुकातून थेट आईच्या डाव्या हातापर्यंत आणली होती. ओढली की कडी सरकून बसायची. उघडायला पिवळी दोरी. "मी ओरडलो की तांबडी ओढायची, आई. विचार करत बसायचं नाही." त्याने शाळामास्तरासारखा तिच्याकडून सराव करून घेतला. सरावात आई एकदाही चुकली नाही.

नंतर एका रविवारी मी तिथेच होते. कुणा बाईंनी नवी कवळी लावून आरशात पाहिलं आणि "ही मी नव्हेच" म्हणून परत पाठवली, असं काहीतरी तो सांगत होता. आम्ही तिघंही हसत होतो. मध्येच बापूचा आवाज तुटला. चमचा खाली पडला. तो धडपडत खोलीबाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बाहेरून ओरडला, "ओढ! आई, ओढ!"

दोरी आईच्या हातात होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोटं उघडून दोरी सोडून दिली.

"ओढ ना गं!" तो दारावर डोकं आपटत होता. मी दोरी घ्यायला धावले, तर आईने माझं मनगट धरलं. एका हातात एवढी ताकद कुठून आली, देव जाणे. दाराकडे बघत ती म्हणत होती, "ये... ये..." आणि पलीकडे तिचं लेकरू दाराची मूठ दोन्ही हातांनी ओढून धरून उभं होतं. स्वतःलाच आत येऊ द्यायचं नव्हतं त्याला.

सगळं शांत झाल्यावर मी बाहेर गेले. तो बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसला होता, कपाळ सुजलेलं.

"ती कधीच ओढत नाही, ताई. दर वेळी सोडून देते. तू घेऊन जा तिला."

"अरे, तिला तुझी भीती वाटत नाही."

"तिला नाही वाटत. मला वाटते." त्याने माझे पाय धरले. "मी मजेत असेन आणि काहीतरी फेकीन. ती मरेल, आणि मला नंतर कळेल. घेऊन जा ना गं."

मी नाना परींनी समजावलं. रात्रीची बाई ठेवू, साचे घरी आणू नकोस, अजून एका डॉक्टरांना दाखवू. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आईला खुर्चीत बसवून चौघांनी जिना उतरवला. ती माझ्याशी बोलत नव्हती आणि बापू मुद्दाम कामावर गेला होता. मला दोघांचाही राग आला. त्या डॉक्टरीणबाईंचाही आला, त्यांनी दुखण्याला नाव तेवढं दिलं.

आता बापू दर रविवारी माझ्याकडे येतो. हात धुतो, आईला भरवायला बसतो, काहीतरी सांगत राहतो. गोष्टीला रंग चढला, हसू यायला लागलं, की चमचा माझ्या हातात देऊन उठतो. "बरा आहे तोवर निघतो," म्हणतो. पहिल्यांदा आला तेव्हा वाटी अर्धीही झाली नव्हती. हे आईच्या लक्षात आलं.

हल्ली तो आला की आई चेहरा दगडासारखा करून बसते. तो कितीही गमतीचं सांगू दे, ओठ हलू देत नाही. मग त्यालाही फारसं हसू येत नाही, आणि तो वाटी संपेपर्यंत बसतो.

मागच्या रविवारी चपला घालताना त्याने मला हळूच विचारलं, "ताई, आई माझ्यावर रागावलीय का?"

आई हसू दाबून बसते हे त्याला कळलं, तर तिचा चेहरा बघूनच त्याला हसू फुटेल, आणि आल्या पावली तो परत जाईल.

"हो," मी म्हटलं, "थोडीशी."