शिलाई मशीनच्या गाण्याचा शेवट

मटार सोलताना आपण काय गुणगुणतो याचं मला भान नसतं. परवा ते माझ्या नातीला होतं.

“आजी, हे काय गातेयस? भजन तर नाहीये हे.”

“जुनं आहे काहीतरी.”

तिने मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला, “फिर से गाओ ना” म्हणाली, आणि दोन मिनिटांत ते गाणं गाणाऱ्या बँडला पकडून आणलं. चार इंग्रज पोरं, डोळ्यांत काजळ, केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. कॉलेजात जाणारी ही पोरगी असली जुनी गाणी गोळा करते. याला न्यू वेव्ह म्हणतात, हे तिने मला समजावलं. मला ते शिलाई मशीनचं गाणं म्हणूनच ठाऊक होतं. तबलेवाल्याच्या जागी एक यंत्र न थकता टकटकतं आणि त्यावर एक पोरगा सर्दी झाल्यासारखा गातो.

“आजी, हे गाणं तर कोणी ओळखतच नाही! शेवटच्या रेकॉर्डवरचं आहे. ते चाललं नाही, बँड मोडला. तुला कसं माहीत?”

गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं ती वाचून दाखवायला लागली. माणसं मोजकीच, पण काय जीव टाकतात! एकाने लिहिलं होतं, या बँडची बाकी गाणी जगाची, हे एक माझं. एक बाई म्हणत होती, मला हे आवडतं हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, इथे येऊन बरं वाटलं. आणि जवळपास प्रत्येक जण शेवटाबद्दल बोलत होता. यंत्र थांबतं, सगळं थांबतं, आणि तो सर्दीवाला पोरगा पहिलीच ओळ पुन्हा म्हणतो, नुसत्या गळ्याने, जणू तिचा अर्थ त्याला आत्ता लागलाय.

“शेवट कसला भारी आहे ना?”

“तो मी कितीतरी वर्षांत ऐकलेला नाही,” मी म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

लग्न होऊन मी भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा स्वतःला मोठी गायिका समजत होते. पुण्यात भावगीताला दोनदा बक्षीस मिळालेली मुलगी भोपाळला येऊन पडली, याचं भोपाळला काहीतरी वाटेल अशी माझी अपेक्षा होती. घरात हे, कारखान्यात इंजिनियर, आणि यांची धाकटी बहीण, अठरा वर्षांची. माझ्याहून लहान, पण नणंद म्हणजे अहो-जाहोच. वन्संच्या मैत्रिणीच्या भावाने परदेशातल्या ट्रेनिंगहून एक कॅसेट आणली होती. ती वन्संनी बाजारातल्या दुकानातून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली. त्यातलं दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा. शिलाई मशीन हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

गाण्यावर माझा राग नव्हता. ते मला आवडायचं, पण हे मी देवासमोरही कबूल केलं नसतं. राग यांच्या पायावर होता. चहा पिताना तो त्या गाण्यावर हलायचा. माझ्या भावगीतावर कधी हलला नव्हता.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात गाण्याची स्पर्धा होती. आपला आवाज ऐकून बघावा म्हणून एका दुपारी, वन्सं कॉलेजात असताना, मी टेप काढला. कोरी कॅसेट घरात नव्हती. आत होती तीच लावली, तर नेमकं ते गाणं चालू. जरा थांबले असते तर ते संपलं असतं, पुढे जागा रिकामीच होती. मी थांबले नाही. लाल बटण दाबलं आणि गायले.

मग ऐकलं. देवा रे! नाकातून, बेसूर, आणि शेवटी दम लागलेला. हा आवाज दुसऱ्या कोणाला ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून तोही पुसला. उरली नुसती खरखर. सूनबाईंची हुशारी बघा, पुरावासुद्धा ठेवला नाही.

संध्याकाळी गाणं अर्ध्यातच खरखरीत बुडालं. यांनी टेप तपासला, कॅसेट तपासली आणि निकाल दिला.

“तूच चुकून रेकॉर्डचं बटण दाबलंस. यापुढे टेपला हात लावायचा नाही.”

“मी नाही दाबलं, दादा.”

“मग काय वहिनीने दाबलं?”

या कल्पनेला त्या रडता रडताही हसल्या. आणि मी मोठ्या मनाने मध्ये पडले. “जाऊ द्या हो, लहान आहेत त्या.” हे माझं वाक्य मला अजून, भाजी निवडताना, आंघोळ करताना, मध्येच ऐकू येतं.

पहिले काही दिवस वन्सं म्हणायच्या, मी नाही दाबलं. मग म्हणायला लागल्या, दाबलं असेल. वर्षभराने त्यांना ते दाबलेलं आठवायलाच लागलं. माझ्या हाताला यंत्र सोसत नाही, असं सगळ्यांना हसत सांगायच्या. प्रॅक्टिकलची धास्ती वाटते म्हणून सायन्स सोडून त्यांनी बी.ए. केलं. लग्नानंतर टाउनशिपमधल्या सगळ्या बायका स्कूटर शिकल्या, या बसने फिरत राहिल्या. हे सगळं त्या कॅसेटमुळेच झालं असं मी म्हणत नाही. नाही झालं असंही म्हणवत नाही.

रविवारी वन्सं आमच्या आताच्या घरी, मिसरोदला, आल्या. नातीने काही न सांगता गाणं लावलं. त्यांनी पहिल्याच टकटकीला ओळखलं. शेवट आला, यंत्र थांबलं, तो पोरगा एकटाच गायला लागला, तशा त्या पुढे सरकून बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, “हे मी माझ्या हाताने पुसलं. काय बाई मी!”

“वन्सं, तुम्ही नाही. मी पुसलं.”

सगळं सांगितलं. मला सवयच आहे, स्वतःची फजिती रंगवून सांगायची. बेसूर आवाजाची नक्कल केली, दम लागल्याच्या जागी हशा यावा म्हणून जरा थांबले. नात खदखदून हसली. वन्सं हसल्या नाहीत.

“पण मला आठवतंय, वहिनी. लाल बटण होतं. बोटाला घट्ट लागलं होतं.”

“ते माझं बोट होतं.”

त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “दादाला सांग.”

“सांगते ना. जेवण झालं की निवांत...”

“आत्ता. माझ्यासमोर.”

हे बाल्कनीत पेपर वाचत होते. कारखान्याच्या आवाजाने यांचे कान गेलेत आणि कानातलं मशीन बहुतेक वेळ डबीतच असतं. मला ओरडावं लागलं.

“अहो! वन्संची कॅसेट मी पुसली होती!”

समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

“कुठली कॅसेट?”

“पिपलानीतली! तुम्ही वन्संना रागावलात ती!”

“मी?” यांनी पेपर खाली केला. “मी कशाला रागावेन तिला?”

वन्सं दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता रडतील, किंवा पर्स उचलून निघतील. त्यांनी पुढे होऊन डबी उचलली आणि यांच्या हातात दिली.

“हे घाल कानात, दादा. वहिनी, तू पहिल्यापासून सांग. नक्कल नको.”

यांनी मशीन कानात बसवलं. मी पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी मध्ये कुठे थांबले नाही.