चिंचोक्यांच्या पिशव्या

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या साली मी लग्न होऊन त्या घरात आले. पाऊस नव्हता, नळ कोरडे होते. दुपारभर टँकरची वाट बघायची. माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणायची. तिनंच मला वेळ घालवायला हा खेळ शिकवला.

परसात मोडक्या दाराची फळी भिंतीला तिरपी टेकवलेली होती. तिच्यात वरच्या अंगाला अक्कानं भाकरीएवढं भोक पाडून घेतलं होतं. जुन्या लुगड्याच्या चौकोनी पिशव्या शिवून त्यांत चिंचोके भरायचे.

"गच्च भरू नको," ती म्हणायची. "गच्च पिशवी उडते, ढिली बसते."

चार निळ्या तिच्या, चार लाल माझ्या. कोळशाच्या रेघेमागं उभं राहून, हात खालून झुलवत, आळीपाळीनं टाकायच्या. भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक, खाली पडली तर काही नाही. एकवीस आधी झाले की डाव जिंकला. त्या घरात मी हसले ती तेवढीच.

एका दुपारी सासूबाई बाहेर गेल्या होत्या. मी म्हणाले, "अक्का, टँकर यायची वेळ झाली. कोपऱ्यावर थांबू या."

"तो आला की आवाज येतोच. एवढा डाव होऊ दे."

त्या दिवशी टँकर पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबला आणि रिकामा होऊन गेला. आम्ही पळालो तेव्हा नुसता चिखल उरला होता.

सासूबाईंनी रिकाम्या घागरी बघून विचारलं, "पाणी का न्हाई?"

मी अक्काकडं बघितलं. ती पीठ मळून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "मी चुलीपाशी होते, आत्या. हिला कोपऱ्यावर थांबायला सांगितलं होतं. ही परसात खेळत बसली."

"एकटीच?"

"हाव. एकटीच."

दोन रंगांच्या पिशव्या परसात तशाच पडल्या होत्या. कोणी बघायला गेलं नाही. मी रिकाम्या घागरी उचलून आत ठेवल्या. मुदखेडला माझ्या माहेरी निरोप गेला. वडील आले आणि ओसरीवर मान खाली घालून बसले. "लेकराचं चुकलं," म्हणाले. अक्कानंच त्यांना चहा दिला.

पुढं थोरल्या दिरांना नव्या कचेरीत नोकरी लागली. सासूबाईंनी वेगळं बिऱ्हाड करायला होकार दिला. अक्का भांडी बांधत होती, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही असं का सांगितलं?"

"वेगळं राहायचं तेव्हाच मनात होतं. आत्या नाराज झाल्या असत्या तर मला इथून जाऊ दिलं असतं का? तू नवी. तुला चार दिवस बोलतील, विसरतील."

कोणी विसरलं नाही. माझ्या लेकी मोठ्या झाल्या तरी सासूबाई पाण्याचं काम माझ्या एकटीवर सोपवत नव्हत्या. अक्का सणावाराला येते. मी चहा करते, ख्यालीखुशाली विचारते. मनातलं काही सांगत नाही. तिला ते कळतं की नाही, मला माहीत नाही.