नानांचा चिंगू खलाशी

अक्कलकुव्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर नाना वर्तमानपत्रसुद्धा औषधासारखं मोजून देत. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची असे. ती ज्या छोट्या कात्रीने ते कापत, त्याच कात्रीने रोजच्या पेपरातला ‘चिंगू खलाशी’ कापून काढत. तीन चौकटींची चित्रकथा होती ती. त्यात चिंगू नावाचा बुटका खलाशी, त्याची राणी नावाची कोंबडी, एक होडी आणि चहूकडे पाणी, एवढंच असायचं. पेपर नंदुरबारपर्यंत आगगाडीने आणि पुढे मोटारीने यायचा, म्हणून आमच्या हाती पडेपर्यंत तो कालचा झालेला असे. पावसाळ्यात तापीला पूर आला की मोटार बंद. मग चार-पाच अंक एकदम यायचे. नानांची मुलगी सुमी आणि मी सगळ्यांवर झडप घालायचो. नाना एक पट्टी कापून बाकीचे अंक कपाटात टाकत आणि म्हणत, “एक दिनले एकच डोस.”

माझे वडील शाळामास्तर होते आणि आमचं बिऱ्हाड दवाखान्याच्या मागेच होतं. दुपारी चारला रोगी ओसरले की दवाखान्याला जोडलेल्या नानांच्या घरात, मागच्या खोलीतल्या खाटेवर आम्ही दोघी बसायचो. नाना खुर्ची ओढून चौकटींखालून बोट फिरवत वाचायचे. चिंगूचा आवाज साधा, पण राणीचा मात्र चिरका काढायचे. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. “समुद्र केवढा शे नाना?” सुमीने एकदा विचारलं. नाना म्हणाले, “पूर येल तापी समज. आते तिना पल्याडना काठ पुसी टाक.” मी डोळे मिटून तो काठ पुसला आणि मला भीती वाटली. पुढे लग्नानंतर सुरतेजवळच्या डुमसला खरा समुद्र पाहिला, तेव्हा सगळे लाटा बघत होते आणि मी होडी शोधत होते.

आम्ही दहा वर्षांच्या असताना, श्रावणात, सुमीला मुदतीचा ताप आला. त्याच आठवड्यात चिंगूची होडी वादळात उलटली. शेवटच्या चौकटीत एका फळीवर राणी एकटी भिजून बसली होती, चिंगू कुठेच नव्हता. आणि मोटार बंद झाली.

सुमी रोज विचारायची, “चिंगू बुडना का नाना?” नाना सांगत, “नही बेटा, तो फळीना मांगे शे.” सुमी मान हलवायची. “मनमधलं सांगू नका. छापेल शे ते वाचा.” दवाखान्यात असेल नसेल ते औषध नानांनी दिलं. डॉक्टर दिवसातून तीनदा येऊन बघून जात. पण तिने मागितलेली ती एक गोष्ट नदीपलीकडे अडकली होती.

सहाव्या दिवशी दुपारी नाना लगबगीने आत आले. “टपाल उनं!” त्यांच्या हातात पट्टी होती. शाईने काढलेल्या तीन चौकटी होत्या. चिंगू पोहत फळीपाशी येतो, फळीवर चढतो, राणीला पोटाशी धरतो. नानांनी आवाज काढून वाचलं. सुमीने पट्टी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली आणि ती हसली. किती दिवसांनी हसली! नाना डोळे पुसत बाहेर गेले. तशी सुमीने माझी वेणी ओढली आणि कानात म्हणाली, “हाई खोटं शे. नानाले सांगू नको.”

दोन दिवसांनी ती गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मोटार आली, अकरा अंक घेऊन.

मला वाटलं, नाना तो सगळा गठ्ठा चुलीत घालतील. चारला मी खिडकीतून पाहिलं. नाना रिकाम्या खाटेशेजारी बसून एक पट्टी वाचत होते. एकच. दुसऱ्या दिवशी दुसरी. अकराव्या दिवशी चिंगू एका बेटाला लागला, पण वाचन थांबलं नाही. पुढे कित्येक वर्षं रोज चारला त्या खोलीतून राणीचा चिरका आवाज यायचा. मध्ये ते थांबत, सुमी जेवढं हसायची तेवढाच वेळ. डोंगरातल्या मोलगी गावाकडून चालत आलेले रोगी ओसरीवर चिडीचूप बसून राहत. औषधवाला आजाऱ्यांसाठी काही मंत्र म्हणतो आहे, अशी त्यांची समजूत होती. मी सुरुवातीला जाऊन बसायचे. पण त्या थांबण्यात मलाही सुमी ऐकू येऊ लागली, तशी मी शाळेतून लांबच्या वाटेने घरी यायला लागले. नानांच्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे. काकू, म्हणजे सुमीची आई, चार वाजता त्या खोलीत पाऊल टाकत नसे.

लग्नानंतर मी माहेरी आले होते, तेव्हा आई म्हणाली, “पेपरात ते चिंगूचं येणं बंद झालं गं. नानांना भेटून ये.” कुठलीही सूचना न देता एके दिवशी त्या जागी साबणाची जाहिरात आली होती. नानांनी म्हणे तो अंक तीनदा उलटापालटा करून पाहिला होता.

मी गेले तेव्हा चार वाजले होते. नाना त्याच खुर्चीवर होते, हात रिकामे. मला बघून म्हणाले, “बठ बेटा.” मग एकदम त्यांनी विचारलं, “ती पट्टी मी काढेल व्हती. तिले समजेल व्हतं का?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण मला ते जमलं नाही. “हो नाना. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती.”

“मंग हासनी कसाले?”

“तिनेच मला दाखवलं, तुम्ही राणीला मोठा तुरा काढला होता, आणि शेपटीला लांब पिसं. कोंबडीचा कोंबडा झाला होता.”

नानांच्या घशातून काहीतरी निघालं. रडणं आहे की हसणं, ते मला आधी कळेना. “अवं, आयकं का?” ते आत ओरडले. “मी कोंबडा काढेल व्हता!”

काकू उंबऱ्यापर्यंत आली, हातात अर्धी निवडलेली मेथी. तिने सगळं ऐकलं असावं. हलकेच म्हणाली, “सुमीनी नजर भलती बारीक व्हती.”

ते नाव इतक्या वर्षांनी त्या घरात उच्चारलं गेलं. काकू आत आली आणि खाटेच्या कडेला बसली. नाना माझ्याकडे वळले. “आखो सांग, आजून सांग,” म्हणाले. “तिनं आखो काय सांगेल व्हतं?”

मी सांगत राहिले. मला आठवेनासं झालं, तेव्हा काकू सांगू लागली.