टेपमावशींचा प्रिंटर

टेपमावशींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर त्या वळूनही बघत नाहीत. त्यांना वाटतं, दुसऱ्याच कुणा बाईला बोलावतायत. शिवणकामाची पिवळी टेप त्यांच्या गळ्यात सदा लटकलेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेपमावशी म्हणते. दात घासताना टेप, बँकेत टेप, मुलाच्या लग्नाच्या फोटोंतही टेप. फोटोग्राफर दोनदा म्हणाला, "मावशी, तेवढी टेप काढा." मावशी म्हणाल्या, "तुमचा कॅमेरा गळ्यात चालतो, माझी टेप चालत नाही होय?"

तर एका सकाळी या मावशींनी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "अहो, आपल्याला प्रिंटर घ्यायचाय. याच आठवड्यात."

काकांना, म्हणजे मावशींच्या यजमानांना, ठसका लागला. प्रिंटरमुळे नव्हे, 'याच आठवड्यात'मुळे. काका चौकशी केल्याशिवाय साधा खिळाही विकत घेत नाहीत. मागे ऐन उन्हाळ्यात पंखा घ्यायचं ठरलं, तेव्हा काकांनी इतकी चौकशी केली की पंखा घरी आला तेव्हा सगळे स्वेटर घालून बसले होते.

पण मावशींना खरंच थांबायला वेळ नव्हता. सोमवारी त्यांचा शिवणवर्ग सुरू होणार होता. या वर्गाचं स्वप्न त्या सून घरात येण्याच्या आधीपासून बघत होत्या. आठ बायकांनी नावं दिली होती. प्रत्येकीला फ्रॉक, शर्ट आणि पायजम्याचे पूर्ण मापाचे कागदी नमुने द्यायचे होते, आणि ते सगळे मावशी स्वतः खाकी कागदावर काढून देणार होत्या. नेमकं त्याच वेळी उजवं मनगट सुजून पावासारखं झालं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि बजावलं, दोन महिने पेन्सिल नाही की कात्री नाही.

"मग मी करू काय?" मावशींनी विचारलं.

"बोला," डॉक्टर म्हणाले. "बोलायला मनगट लागत नाही."

डॉक्टरांनी मावशींना बोलताना नीट पाहिलेलं नसावं.

मार्ग काढला सूनबाईने. ती नोकरीत बांधकामाचे नकाशे काढते. चार संध्याकाळी बसून तिने मावशींची सगळी मापं विचारून घेतली आणि सगळे नमुने संगणकावर काढले. आता ते फक्त छापायचे आणि पानं जोडून चिकटवायची. पण एका फ्रॉकलाच वीसेक पानं लागायची. कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडून एवढी पानं काढायची म्हणजे बायकांनी दिलेली फी तशीच नेऊन त्याच्या गल्ल्यात टाकायची. म्हणजे प्रिंटर नाही तर नमुने नाहीत, आणि नमुने नाहीत तर वर्ग नाही. त्या आठही जणी मग पलीकडच्या गल्लीतल्या शिवणबाईंकडे जातील आणि परत यायचं नाव घेणार नाहीत, या कल्पनेनेच मावशींचं मनगट ठणकायला लागलं.

घरात बैठक बसली. मावशींची नणंद न बोलावता हजर झाली. घरात काही खरेदी निघाली की वन्संना त्याचा वास येतो.

"माझ्यासारखा घे गं," वन्सं म्हणाल्या. "दुकानातला सगळ्यात स्वस्त. दिसायला इतका गोंडस!"

"चालतो कसा?"

"चालत नाही. शाई संपली म्हणून नवी डबी आणायला गेले, तर किंमत ऐकून दुकानदाराकडे खुर्ची मागितली. तेवढ्यात जवळजवळ नवा प्रिंटर येत होता. आता मी त्याच्यावर फोन ठेवते."

"मग मला कशाला घ्यायला सांगताय, वन्सं?"

"अगं, उंची छान आहे त्याची!"

काकांनी चष्मा वर केला. त्यांनी दोन दिवस जागोजाग चौकशी केली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचं तेज होतं. "टाकीचा घ्यायचा. बाटलीतली शाई टाकीत ओतायची. पान अगदी मातीमोल भावात पडतं. शिवाय रंगीत!"

"बाबा," सूनबाई म्हणाली, "आई छापणार किती वेळा ते तर विचारा."

"वर्ग सुरू होताना धो धो," मावशी म्हणाल्या. "मग पुढचा गट येईपर्यंत दोन-तीन महिने एक पान नाही."

"मग पातळ शाई आत सुकून बसेल. अधूनमधून काहीतरी छापत राहावं लागेल."

"त्यात काय!" काका उत्साहाने म्हणाले. "मी रोज एक रंगीत फोटो छापीन. माझाच."

"रोज तुमचा फोटो?" मावशी म्हणाल्या. "त्यापेक्षा शाई सुकलेली परवडली."

सूनबाईने तिसरा मार्ग सांगितला. लेसर प्रिंटर. त्यात शाईऐवजी कोरडी पूड असते, ती सुकणार कुठून? महिनोन्महिने झोपू दे, उठवलं की पहिलं पान स्वच्छ. घेताना थोडा महाग, पण पूड एकदा भरली की हजारभर पानं सहज निघतात, आणि संपली की पुन्हा भरून मिळते. एकच अडचण होती, तो फक्त काळंच छापतो.

"अडचण कसली त्यात?" मावशी खुर्चीतून उठल्याच. "कापायची रेघ काळी, शिवायची रेघ काळी. रंग कापडात असतो! चला, चपला घाला."

काकांनी अजून एका मित्राला विचारून घेतो म्हणून पाहिलं, पण तोवर मावशी जिना उतरून गेल्या होत्या.

प्रिंटरचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ होता, आणि त्यात दोन्ही बाजूंना यंत्रं छतापर्यंत रचलेली. दुकानदार गोल चेहऱ्याचा, हसतमुख. प्रत्येक यंत्राची ओळख तो स्वतःचीच लेकरं असल्यासारखी करून देत होता. "हा जरा हट्टी आहे, पण कामाला वाघ. हा शांत. आणि हा धाकटा, कमी खातो."

"पूड कमी खातो ना?"

"एकदम कमी, ताई."

"मग धाकट्याला बोलवा. नमुना छापून बघू."

सूनबाईने सोबत आणलेला संगणक यंत्राला जोडून नमुना काढला. पहिल्याच पानावर पडताळणीसाठी दहा सेंटीमीटरचा चौकोन होता. यंत्र पान लहान करणार नाही ना, हेही तिने संगणकावर दोनदा तपासलं. पान बाहेर आलं. मावशींनी डाव्या हाताने गळ्यातली टेप ओढली, चौकोनावर ठेवली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"कमी आहे. दोन रेघा कमी!"

"शक्य नाही, ताई."

"शिंप्याने कापड चोरलं तर गिऱ्हाईक दारात येऊन भांडतं. तुमचं यंत्र भर दुकानात चोरतंय!"

दुकानदाराने संगणक शांत यंत्राला जोडला. दोन रेघा कमी. हट्टी यंत्राला जोडला. दोन रेघा कमी. आता मावशींचा आवाज बसला. फ्रॉकची वीस पानं, प्रत्येक पानावर दोन रेघा खाल्ल्या, तर आठ जणींचे आठ फ्रॉक अंगात शिरायचे नाहीत. पहिल्याच धड्याला नाचक्की. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "सोमवारचं सगळ्यांना नाही म्हणून कळवा."

काका मात्र हटले नाहीत. आयुष्यभराच्या चौकशीची सवय अशी कामाला येते. "तीन वेगळी यंत्रं," ते दुकानदाराला म्हणाले, "तिघांनी ठरवून सारखीच चोरी केली? तुमच्याकडे लोखंडी पट्टी आहे का हो?"

कागद कापायला ठेवलेली पट्टी निघाली. चौकोनावर ठेवली. बरोबर दहा.

"पट्टी खोटी आहे," मावशी म्हणाल्या.

दुकानदाराने शेजारच्या फ्रेमवाल्याची पट्टी आणली. दहा. सूनबाईने पिशवीतून स्वतःची नकाशाची पट्टी काढली. दहा. तीन पट्ट्या आणि तीन यंत्रं एका बाजूला, मावशी एकट्या एका बाजूला. शेवटी काकांनी टेप पट्टीशेजारी टेबलावर सरळ पसरली. तिचे दहा पट्टीच्या दहाच्या पुढे निघून उभे होते, घाईची माणसं रांग सोडून पुढे सरकतात तसे.

"वीस वर्षं ओढतेयस तिला," काका म्हणाले. "ताणली गेली बिचारी."

मावशी टेपकडे बघत राहिल्या, जुन्या मैत्रिणीने आपल्याला वय खोटं सांगितल्याचं कळावं तशा. म्हणजे वीस वर्षं गल्लीतल्या प्रत्येकाचं माप आपण काढताना कमी वाचलं आणि कापताना जास्त कापलं? नाही, नाही. माप काढलं याच टेपने, कापलं याच टेपने. मग कपडे बरोबरच झाले. त्यांनी स्वतःला सावरलं. पण पुढच्याच क्षणी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण सूनबाई, मापं मी तुला माझ्या टेपची सांगितली. फ्रॉकच्या नमुन्यांची. आणि यंत्र छापणार खरी. मग ते कपडे बसणार कसे?"

"दोन टक्के घट्ट होतील," सूनबाई म्हणाली.

"मग यंत्राला जरा सैल शिवायला सांगता येतं का?"

दुकानदार पोट धरून हसला. "येतं की, ताई! छापताना शंभर टक्क्यांच्या जागी एकशे दोन लिहायचं. झालं सैल!"

सूनबाईने तसं केलं. पान बाहेर आलं. या खेपेला टेपनेही चौकोन दहाचा सांगितला, आणि मावशींनी दुकानात अशी आरोळी ठोकली की शेजारचा फ्रेमवाला आपली पट्टी मोडली की काय म्हणून धावत आला. "बांधा! धाकट्याला बांधा! आणि पुडीची एक डबी जास्तीची."

"जास्तीची लगेच नको, ताई. यंत्रात आहे तिच्यावरच तुमचे दोन वर्ग निघतील."

"बघा," काका पुढे होऊन म्हणाले, "मी हेच म्हणत होतो." काकांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

सोमवारी आठ बायका आल्या. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर पानं, पलंगावर पानं, आणि त्यांच्यामध्ये खुर्चीवर बसलेल्या मावशी, पट्टा बांधलेला हात वर धरून. "डावीकडचं पान उजवीकडे! अगं, ती बाही आहे, पायजमा नव्हे!" काका यंत्राजवळ कागदांचा गठ्ठा घेऊन ताठ उभे होते. धाकटा न थांबता गुणगुणत पानामागून पान टाकत होता. प्रत्येक पान बाहेर आलं की काका ते दोन्ही हातांनी उचलत आणि नवजात बाळ दाखवावं तसं वर्गाला दाखवत.

पहिला फ्रॉक चिकटवून पूर्ण झाला. त्या बाईने तो कागदी फ्रॉक अंगासमोर धरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीही हात उचलला, पण पट्टा आठवला आणि त्यांनी मांडीवरच थाप मारली.

तेवढ्यात दारात नववी बाई दिसली. पलीकडच्या गल्लीतली. "इथे पूर्ण मापाचे नमुने हातात देतात म्हणे?" तिने संकोचून विचारलं. "जागा आहे का अजून?"

मावशींनी खोलीभर नजर फिरवली. जागा खरंच नव्हती.

"अहो," त्या आनंदाने ओरडल्या, "पलंग उभा करा! आणि आणखी वीस पानं सोडा!"